वर्गात एकटीच मराठी: परिसर, ओळख आणि आत्मसन्मान

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपले कुटुंब तीन पिढ्यांपासून इंदूरचे आहे. मराठी वस्तीच्या राजेंद्रनगरातील जुने घर सोडून आपण बायपासजवळच्या एका टाउनशिपमध्ये राहायला गेलात. मुलगी आता आठवीत आहे, नव्या शाळेत तिच्या वर्गात ती एकटीच मराठी आहे, आणि शाळेच्या फाटकाशी माझ्याशी मराठीत बोलायचे नाही असे तिने आईला बजावले आहे. मुलगा बारावीत आहे. त्याच घरात राहून तो मात्र नेमका उलट दिशेला गेला आहे. गणपतीत हौसेने फेटा बांधतो, शिवचरित्र वाचतो आणि मराठेशाहीवरून मित्रांशी वाद घालतो. परिसर बदलल्यामुळे मुलीचा आत्मविश्वास खचत आहे का, आणि तसे असेल तर पुन्हा राजेंद्रनगरला परतावे का, असे आपण विचारले आहे.

उत्तर आधी सांगते, कारणे मागून देते. केवळ या कारणासाठी घर बदलण्याची गरज मला दिसत नाही. वर्गातील मराठी मुलांची संख्या आपल्या मुलीला स्वतःच्या मराठीपणाची जाणीव करून देते, एवढे निश्चित. पण ती जाणीव तिला जड होईल की बळ देईल, हे संख्येवर फार थोडे अवलंबून असते. ते ठरते ती जाणीव वर्गात कोणत्या सुरात करून दिली जाते यावर, आणि जिथे आपल्या मराठीपणाकडे कोणी वळूनही पाहत नाही अशी एखादी जागा तिच्या आठवड्यात आहे की नाही यावर.

आपल्या प्रश्नात दोन वेगळ्या गोष्टी एकत्र गुंतल्या आहेत. ‘मी मराठी आहे’ हे मनात किती वेळा वर येते, ही एक. आणि ‘मी जशी आहे तशी ठीक आहे, माझी काही किंमत आहे’ असे आतून वाटणे, ही दुसरी. परिसराची घडण पहिलीवर थेट परिणाम करते. दुसरीवर तिचा परिणाम होतो तो वळसे घेत, इतर अनेक गोष्टींमधून. येल विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ विल्यम मॅग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970च्या दशकात शाळकरी मुलांना ‘तुझ्याविषयी सांग’ एवढेच सांगून ती स्वतःहून काय सांगतात याची नोंद केली. आपल्या भोवतालात जे वैशिष्ट्य विरळ असते, तेच मुले आवर्जून सांगतात, असे त्यांना आढळले. परगावी जन्मलेले मूल जन्मगाव सांगते. ज्या घरात बायकांची संख्या जास्त असते, तिथला मुलगा आपण मुलगा असल्याचे सांगतो. बहुसंख्य असलेल्या गोऱ्या मुलांपैकी आपला वंश जवळजवळ कोणी सांगितला नाही. त्याच शाळांमधील कृष्णवर्णीय आणि स्पॅनिशभाषक मुलांनी तो त्यांच्या मानाने कितीतरी अधिक वेळा सांगितला. आपल्या राजेंद्रनगरच्या किंवा रामबागेच्या गल्लीतील आठवीच्या मुलीला हाच प्रश्न विचारला तर ती बॅडमिंटन, गणिताचा कंटाळा आणि धाकटा भाऊ यांविषयी बोलेल. मराठी असल्याचे तिच्या मनातही येणार नाही, कारण तिथे ती माहिती कोणाला नवी नसते. टाउनशिपमध्ये तीच मुलगी ‘वो मराठी वाली’ होते. तिच्यात काहीही बदललेले नसते, फक्त पार्श्वभूमी बदललेली असते.

जाणीव वाढली म्हणजे आत्मसन्मान घटला, अशी उडी मात्र घेता येत नाही, आणि आपल्या दोन मुलांच्या बाबतीत हेच सर्वांत महत्त्वाचे आहे. अमेरिकेतील संशोधक आड्रियाना उमान्या-टेलर यांचा 2004 मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या प्रश्नाला अगदी लागून आहे. मेक्सिकन वंशाच्या हजाराहून अधिक किशोरवयीन मुलांची त्यांनी पाहणी केली. ही मुले तीन प्रकारच्या शाळांत होती: एकीत लॅटिन अमेरिकी वंशाच्या मुलांचे बहुमत होते, दुसरीत प्रमाण साधारण समसमान होते आणि तिसरीत ही मुले अल्पसंख्य होती. आपल्या समूहाशी असलेले नाते सर्वांत घट्ट आढळले ते तिसऱ्या शाळेत, म्हणजे जिथे ती थोडी होती तिथे. समूहाशी नाते जितके पक्के, तितका आत्मसन्मान अधिक, हा संबंध मात्र तिन्ही शाळांत सारखाच दिसला. इतर संशोधकांनी गोऱ्या मुलांविषयी केलेल्या अभ्यासांत असा संबंध सहसा दिसला नाही. अपवाद एकच, आणि तो फार बोलका आहे: ज्या शाळेत गोरी मुलेच अल्पसंख्य होती, तिथे त्यांच्यातही हा संबंध उमटला. म्हणजे हा गुण कोणत्या एका जमातीच्या रक्तातला म्हणता येत नाही, तो त्या वर्गातल्या जागेचा आहे. उद्या आपल्या मुलीच्या वर्गातील एखादी अग्रवाल किंवा शर्मा मैत्रीण पुण्याच्या शाळेत एकटी जाऊन बसली, तर तिलाही आपण ‘हिंदीवाली’ आहोत हे प्रथमच कळेल.

या निष्कर्षाच्या उजेडात आपला मुलगा अपवादात्मक वाटत नाही. अल्पसंख्य झाल्यावर ओळख आकसते असे आपण गृहीत धरतो. पुष्कळदा ती उलट ठळक होते. दोन्ही मुले एकाच प्रश्नाला सामोरी जात आहेत, फक्त त्यांची उत्तरे वेगळी आहेत, आणि त्या फरकामागे वयाचा वाटा मोठा आहे. त्याविषयी पुढे लिहिते. इथे एक सावधगिरी नोंदवायला हवी. समूहाशी नाते आणि आत्मसन्मान एकत्र आढळतात, यावरून पहिल्यामुळे दुसरे घडते असे सिद्ध होत नाही. ज्या मुलाला मुळात स्वतःविषयी बरे वाटते, तेच आपल्या घराण्याची, भाषेची चौकशी करायला धजावते, असेही असू शकते. म्हणून ‘मुलीला मराठीचा अभिमान शिकवला की तिचा आत्मविश्वास आपोआप वाढेल’ हे गणित मांडू नका. पालक ते फार चटकन मांडतात आणि मग घरात व्याख्याने सुरू होतात.

दुसऱ्या बाजूचे पुरावेही आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. आत्मसन्मान मोजण्याची जी 10 विधानांची प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते, ती तयार करणारे समाजशास्त्रज्ञ मॉरिस रोझेनबर्ग यांनी 1962 मध्ये न्यूयॉर्क राज्यातील शाळकरी मुलांच्या धर्माविषयी एक शोधनिबंध लिहिला. कॅथलिक, प्रोटेस्टंट आणि ज्यू मुलांपैकी जी मुले लहानपणी दुसऱ्या धर्माच्या वस्तीत वाढली होती, त्यांच्यात आपल्याच धर्माच्या वस्तीत वाढलेल्या मुलांपेक्षा अस्वस्थतेची लक्षणे अधिक आणि आत्मसन्मान कमी आढळला. रोझेनबर्ग यांनी या मुलांना आणखी एक गोष्ट विचारली होती: धर्मावरून तुम्हाला कधी चिडवले गेले का, खेळातून वगळले गेले का? परक्या वस्तीतील मुलांनी त्याला अधिक प्रमाणात होकार दिला. पुढे त्यांनी रॉबर्टा सिमन्स यांच्यासह बाल्टिमोरमधील मुलांचा अभ्यास करून तो 1971 मध्ये प्रसिद्ध केला, आणि कृष्णवर्णीय मुलांचा आत्मसन्मान गोऱ्या मुलांपेक्षा कमी नाही, हे त्या काळी अनेकांना अनपेक्षित असलेले तथ्य पुढे आणले. यातली बहुतेक मुले आपल्याच समाजाच्या शाळांत शिकत होती. त्यांच्या तुलनेचे माप आणि कौतुक करणारी माणसे, दोन्ही घरचीच होती.

हे माप कुठले, हा मुद्दा आपल्या मुलीला थेट लागू पडतो. जेनिफर क्रॉकर आणि ब्रेंडा मेजर यांनी 1989 मध्ये असा प्रश्न मांडला की ज्या समूहांना समाज कमी लेखतो त्यांतील माणसांचा आत्मसन्मान खालावलेलाच असायला हवा, मग तो अनेकदा तसा का नसतो? त्यांच्या मते अशी माणसे स्वतःचे रक्षण तीन वाटांनी करतात. कोणी वाईट बोलले तर ते त्याच्या पूर्वग्रहाच्या खाती टाकतात. स्वतःची तुलना आपल्याच लोकांशी करतात. आणि ज्या गोष्टीत आपले लोक मागे पडतात, तिला फार महत्त्व देत नाहीत. वर्गात दुसरी एखादी मराठी मुलगी असती, तर या वाटा आपल्या मुलीला खुल्या राहिल्या असत्या. ‘तिलाही असेच म्हणतात’ एवढे कळले तरी चिडवणे हा आपला वैयक्तिक दोष वाटत नाही. एकट्या मुलाला हा ताळा घेता येत नाही. म्हणूनच माझ्या अनुभवात शून्य आणि एक यांतला फरक जितका मोठा असतो, तितका एक आणि वीस यांतला नसतो. वर्गात नसेल तर शाळेच्या बसमध्ये, वरच्या वर्गात किंवा टाउनशिपच्या दुसऱ्या इमारतीत एखादी समवयस्क मराठी मुलगी शोधणे हे घर बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त आणि बहुधा तितकेच गुणकारी आहे.

आता इंदूरविषयी. हे सगळे संशोधन अमेरिकेतले आहे आणि त्यामागे गुलामगिरी, वर्णभेद आणि स्थलांतराचा इतिहास आहे. तो जसाच्या तसा आपल्या शहरावर बसवला तर आपली फसगत होईल. इथे मराठी माणूस संख्येने थोडा असला तरी तो खालच्या पायरीवरचा म्हणून कधी ओळखला गेला नाही. 1818 मध्ये मंदसौरच्या तहानंतर इंदूर होळकरांची राजधानी झाले. 1948 मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन होईपर्यंत राज्यकर्ते मराठी होते. त्यानंतर आणि विशेषतः 1956 मध्ये मध्य प्रदेशाची स्थापना झाल्यावर सत्तेची आणि कचेरीची भाषा पूर्णपणे हिंदी झाली, तरी खुणा राहिल्या. विमानतळ आणि विद्यापीठ दोन्ही अहिल्याबाईंच्या नावाने आहेत. अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, मराठी वाड्यांच्या नाहीत, त्या गिरणी कामगारांनी वाढवल्या आणि सगळे शहर रात्रभर जागून पाहते. सुमित्रा महाजन 1989 पासून सलग आठ वेळा इथून लोकसभेवर निवडून गेल्या, आणि ज्यांना मराठीचा एक शब्द येत नाही तेही त्यांना ‘ताई’च म्हणतात. मराठी साहित्य संमेलन इंदुरात 1917, 1935 आणि 2001 असे तीनदा भरले. ‘सानंद’ या इथल्या मराठी संस्थेच्या नाटकांना आजही गर्दी होते. समूहाची संख्या आणि समूहाचा मान या दोन वेगळ्या राशी आहेत, आणि इंदुरात दुसरी पहिलीपेक्षा पुष्कळ मोठी आहे. त्यामुळे रोझेनबर्ग यांनी नोंदवलेले वगळले जाणे इथे सहसा सौम्य रूपात येते: नावाची मोडतोड, डब्यावरून एखादा शेरा, शिक्षिकेने हजेरीत ‘काळे’चे ‘काले’ करणे आणि मागच्या बाकावरून आलेले हसू. सौम्य म्हणून ते नगण्य मानू नये. तेरा वर्षांच्या मुलीला रोज सकाळी हजेरीच्या वेळी पोटात गोळा येत असेल, तर शहराच्या विमानतळाला कोणाचे नाव आहे याने तिला काडीचा फरक पडत नाही.

या ठिकाणी थोडे विषयाच्या कडेला जाऊन एक गोष्ट सांगणे मला आवश्यक वाटते. ‘इंदूरचा मराठी’ म्हटले की अनेकांच्या डोळ्यांसमोर एका ठरावीक जातीचे, ठरावीक वळणाचे घर येते. वस्तुस्थिती तशी नाही. होळकर स्वतः धनगर समाजाचे होते. जवळच्या महू छावणीत 1891 मध्ये बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला, आणि गिरण्यांच्या वस्त्यांमध्ये कष्टकरी मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली. यांपैकी एखाद्या घरातील मुलगी जेव्हा टाउनशिपमध्ये एकटी मराठी असते, तेव्हा वर्गमैत्रिणींनी तिच्यावर लादलेली ‘मराठी’ची प्रतिमा आणि तिचे खरे घर यांत अंतर असते, आणि पुन्हा मराठी मंडळात गेल्यावर तिथेही ती थोड्यांतली थोडी ठरू शकते. आपल्या पत्रातून आपल्या घराविषयी याचा काही अंदाज येत नाही आणि तो मी करतही नाही. पण ‘मुलीला मराठी लोकांत न्या, म्हणजे तिला आपलेपणा वाटेल’ हा सल्ला सर्व घरांना सारखा लागू पडत नाही, एवढे ध्यानात ठेवावे.

परिसराची मोजणी कोणत्या मापाने करायची, हाही प्रश्न दिसतो तितका साधा नाही. पालक शहर मोजतात किंवा वसाहत मोजतात. मुलीचा परिसर मात्र तिचा वर्ग, तिची बस, मधल्या सुट्टीत ती जिथे उभी राहते तो घोळका आणि मैत्रिणींचा व्हॉट्सॲप गट एवढाच असतो. शिवाय पालक मोजतात ‘मराठी किती आणि बाकीचे किती’ अशा दोनच रकान्यांत. आपण मुलीला सहज विचारून पाहा: वर्गात घरी सिंधी बोलणाऱ्या किती जणी आहेत, गुजराती किती, बंगाली, मल्याळी, पंजाबी, मालवी किती? इंदुरात फाळणीनंतर आलेला सिंधी समाज मोठा आहे, गुजराती आणि बोहरी कुटुंबे जुनी आहेत, आणि नोकरीनिमित्त दक्षिणेतून आलेली कुटुंबे अशा नव्या टाउनशिपमध्ये हमखास असतात. ज्या वर्गात एकच मोठा गट आणि एक एकटे मूल असते, तो वर्ग वेगळा. आणि ज्यात पाच-सहा लहान लहान गट असतात, तो वेगळा. याना युव्होनेन, एड्रियन निशिना आणि सँड्रा ग्रॅहम यांनी लॉस एंजेलिसच्या शाळांमध्ये केलेल्या आणि 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वर्ग जितका मिश्र तितके मुलांना अधिक सुरक्षित वाटले, त्यांचा एकटेपणा कमी आणि स्वतःविषयीचे मत अधिक चांगले आढळले. कोणत्याच एका गटाचे वर्चस्व नसल्याने बळाचा समतोल राहतो, असे त्यांचे स्पष्टीकरण आहे. आपल्या मुलीच्या शेजारी बसणारी सिंधी मुलगीसुद्धा घरी एक आणि शाळेत दुसरी भाषा बोलत असेल. या दोघींना ते परस्परांत कळले, तर आपल्या मुलीचे एकटेपण निम्मे होईल, आणि त्यासाठी वर्गात दुसरे मराठी मूल असण्याची गरजही उरणार नाही.

वयाविषयी लिहिते असे म्हटले होते. समूहाच्या ओळखीच्या विकासावर पायाभूत काम करणाऱ्या जीन फिनी यांनी तीन टप्पे सांगितले आहेत: जिच्याविषयी अजून विचारच केलेला नाही अशी ओळख, शोध, आणि शोधानंतर स्थिर झालेली ओळख. आपला मुलगा दुसऱ्या टप्प्यावर आहे आणि तो टप्पा गोंगाटाचा असतो; त्यात वाचन असते, वाद असतात, पोशाख असतो, थोडा आव असतो. मुलगी बहुधा पहिल्या टप्प्याच्या अखेरीस आहे. तिच्यावर परिसराने तो प्रश्न लादला आहे, पण त्याचे उत्तर शोधण्याचे वय अजून पुरते आलेले नाही. तेरा-चौदाव्या वर्षी मुलांना वेगळे दिसणे कोणत्याच बाबतीत नको असते. चष्मा नको, उंची नको, दातांवरची तार नको आणि फाटकाशी मोठ्याने ‘अगं, डबा विसरलीस!’ म्हणणारी आई तर मुळीच नको. त्यात या वयात मुलींचा आत्मसन्मान मुलांपेक्षा अधिक घसरतो आणि शाळा बदलणे हे त्यात भर घालते. वर उल्लेखिलेल्या रॉबर्टा सिमन्स यांनीच पुढे दाखवून दिले की सातवीच्या सुमारास शाळा बदलावी लागलेल्या मुलींचा आत्मसन्मान, न बदललेल्या मुलींच्या तुलनेत, खाली गेला. त्या मुलींना कोणतीही परकी भाषा बोलावी लागत नव्हती. सांगायचे असे की, आपण ज्याचे खापर मराठी शेजाराच्या अभावावर फोडत आहात, त्यातला बराच भाग वय आणि नवी शाळा यांच्या खात्यात जाईल. आणि पुन्हा राजेंद्रनगरला गेलात तर तिची शाळा आणखी एकदा बदलेल, हेही विसरू नका.

फाटकाजवळची तिची मागणी मान्य करा, असे मी सुचवेन, आणि ती कोणतीही टिप्पणी न करता मान्य करा. मूल घरी एक आणि बाहेर दुसरी भाषा वापरते, त्यामागे दरवेळी लाज असते असे नाही. दोन भाषांमध्ये वाढलेली बहुतेक मुले जागेनुसार भाषा बदलतात आणि आपणही भाजीवाल्याशी, बँकेत, कचेरीत तेच करतो. ‘तुला आपल्या भाषेची लाज वाटते का?’ हा प्रश्न विचारू नका. त्याला होकार देणे तिला शक्य नसते आणि नकार दिला तर पुढचे बोलणे संपते. त्याऐवजी विचारा: ‘शाळेत तुझे नाव कसे घेतात? कोणी काही म्हणते का? कोण म्हणते?’ उत्तरात एखादा ठरावीक मुलगा, एखादे टोपणनाव किंवा एखाद्या शिक्षिकेची सवय निघाली, तर प्रश्न आटोक्यातला आहे. वर्गशिक्षिकेला भेटून मुलीच्या नावाचा नीट उच्चार आणि चिडवणाऱ्याला वेळीच समज, एवढेच मागा. ‘वर्गात मराठी संस्कृतीची ओळख करून द्या’ अशी विनंती मात्र करू नका. शाळेच्या कार्यक्रमात महाराष्ट्र म्हटले की नऊवारी आणि लावणी ठरलेली, आणि ती एकट्या मराठी मुलीच्याच गळ्यात पडते. तिने हौसेने भाग घेतला तर उत्तम. पण ज्या गोष्टीमुळे ती आधीच उठून दिसते आहे, तिलाच व्यासपीठ देऊन उपचार होत नाही.

मराठीपण जिथे बिनमहत्त्वाचे असते अशी जागा तिला हवी, असे मी सुरुवातीला म्हटले. राजेंद्रनगर फार दूर नाही. जुन्या मैत्रिणी, गल्लीतला गणपती, एखाद्या मंडळाची बालनाट्याची तालीम यांतले काहीतरी दर आठवड्याला तिच्या वाट्याला येऊ द्या. नुसते प्रेक्षक म्हणून बसवण्यापेक्षा तिला काम मिळाले पाहिजे: नेपथ्य, वेशभूषा, ध्वनी, काहीही. आत्मसन्मान कौतुकापेक्षा जमलेल्या कामातून अधिक येतो. पण इथे एक धोका आहे आणि तो इंदुरात मी वारंवार पाहते. मंडळातील वडीलधारी माणसे, आणि घरात आजी, मुलांच्या प्रत्येक वाक्याला दुरुस्ती करतात: ‘हे काय हिंदी मराठी बोलतेस?’ इंदुरी मराठी हिंदीच्या सहवासात वाढलेली आहे आणि तिचे वळण तसेच राहणार. शाळेत मराठी म्हणून वेगळी आणि मंडळात पुरेशी मराठी नाही म्हणून वेगळी, अशी दोन्हीकडून कोंडी झाली तर मूल ती भाषाच सोडून देते. तेव्हा आजींशी प्रेमाने, पण स्पष्ट बोला. सध्या ती बोलते आहे एवढे पुरे. शुद्धतेचे नंतर पाहू.

मुलाविषयी आपण काळजी व्यक्त केलेली नाही, तरी दोन शब्द. त्याच्या अभिमानात इतरांविषयी तुच्छता आली तरच हस्तक्षेप करा. ‘आपण इथे राज्य केले’ हे वाक्य वर्गमित्रांसमोर मैत्रीला मारक ठरते. त्याला वाचू द्या, आणि जमल्यास महेश्वरला घेऊन जा. बारावीनंतर तो पुण्याला जाणार असेल तर त्याची खरी परीक्षा तिथे आहे. इंदुरात ज्याच्यावरून तो मराठी ठरतो तेच बोलणे पुण्याच्या वसतिगृहात ‘हिंदीवाल्याचे’ ठरते. माझ्याकडे येणाऱ्या इंदुरी तरुणांत टाउनशिपच्या शाळेने दुखावलेल्यांपेक्षा पुण्यातील पहिल्या वर्षाने दुखावलेले अधिक असतात, कारण इथे आपण वेगळे आहोत हे त्यांना लहानपणापासून माहीत असते, तिथे मात्र आपण घरी पोहोचलो अशी त्यांची कल्पना असते. जाण्यापूर्वी त्याला हे सांगून ठेवा, आणि पुण्यात आधी गेलेल्या एखाद्या इंदुरी मुलाशी त्याची गाठ घालून द्या.

शेवटी, कोणत्या लक्षणांवर माझे हे सगळे आश्वासन बाजूला ठेवायचे, ते सांगते. मुलीचा नकार मराठीपुरता असेल आणि ती खेळते, खाते, मैत्रिणींशी बोलते, सकाळी शाळेला निघते, तर सहा महिने थांबून पाहायला हरकत नाही. पण ती जुन्या मराठी मैत्रिणींनाही टाळू लागली, झोप किंवा भूक बिघडली, शाळेच्या दिवशीच पोट दुखू लागले, गुण अचानक घसरले किंवा ‘माझ्यात काही चांगले नाही’ अशी भाषा तिने कोणत्याही भाषेत केली, तर प्रश्न ओळखीच्या पलीकडे गेला आहे. तेव्हा शहरातील बालमानसतज्ज्ञांना लवकर भेटा; तोवर शासनाच्या ‘टेलिमानस’ सेवेचा 14416 हा निःशुल्क क्रमांक चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे पालकही बोलू शकतात. आत्मसन्मानाची प्रश्नावली इंटरनेटवरून काढून घरी तिच्याकडून भरून घेऊ नका. तिला तो आणखी एका परीक्षेचा पेपर वाटेल, आणि तिच्या एकेका गुणाचा अर्थ आपण लावत बसाल.